कोमट पाण्याचे सात दिवस

३ मार्च
बू काकांच्या तिन्ही टाक्यांतले मासे मेले. मेल्यावर हे चपटे मासे उलटतात — पांढरी पोटं वर, त्यांवर रक्ताचे ठिपके. तीनदा साबण लावला, हाताचा वास जात नाही.

आणि विषाणू आम्ही मत्स्यकेंद्रवाल्यांनीच सोडला होता त्या पाण्यात, जिवंत, लस म्हणून! कोमट पाण्यात तो मरगळून असतो, तेवढ्यात माशाचं अंग त्याला ओळखायला शिकतं. शिकून होईपर्यंत गार पाणी लागता कामा नये. चौदा दिवस. मत्स्यपालकांना वाटलेल्या पत्रकात चौदाचे सात झाले. काकांनी आठव्या दिवशी समुद्राच्या गार पाण्याचा नळ उघडला.

४ मार्च
आमचे प्रमुख, टाक साहेब, बैठकीत म्हणाले, "म्हातारा घाईला आला. गार पाण्यानं मांस घट्ट होतं, गिऱ्हाईक खूश. लिहा — मालकाचा हलगर्जीपणा."
मी म्हटलं, "पत्रकात सातच छापलंय, साहेब."
"मग पुढच्या छपाईत चौदा टाका! मिटलं."
वर हसले. किळस आली. लस द्यायच्या दिवशी काकांनी टाकीपुढे इथल्या रिवाजानं, बरकतीसाठी डुकराचं मुंडकं मांडून पूजा केली, तेव्हा हाच माणूस त्या मुंडक्याच्या तोंडात दक्षिणेची नोट खोचून फोटोला उभा होता!

५ मार्च
जेवण गेलं नाही.

७ मार्च
काकांकडे गेले. खड्ड्यात मासे ओतून वर चुना टाकत होते. पलीकडचा शेजारी भिंतीवरून ओरडला, "आली बघा, पाण्यात रोग कालवणारी! आता आमच्याकडे कधी येताय, बाई?"
काका खेकसले, "गप रे! तुझे दर हिवाळ्यात लसीशिवायच मरतात ना?"

मग हळूच मला — "डॉक्टरीणबाई, खरं सांगा. माझंच चुकलं ना? दिवस मोजताना घोळ झाला असेल. आमची ही म्हणतेच, आकडे आता तुमच्या डोक्यात राहत नाहीत."

पंपाच्या खोलीतल्या दिनदर्शिकेवर सात फुल्या होत्या. लाल, ठळक. एकही कमी नाही.

मी काय म्हणाले? "बघते, काका." बघते!! काकूंनी पिशवीभर संत्री दिली. तीही घेतली.

१० मार्च
अहवाल टेबलावर आला. पान चार — "मालकाचा हलगर्जीपणा". खाली सहीची जागा माझी. उद्या दुपारपर्यंत हवा. एकदा सही झाली की काकांचा परवाना जाणार. सत्तरीत दुसरं काय करतील ते?

संत्री तशीच पडून आहेत. एकाला बुरशी आली.

११ मार्च
सही केली नाही.

वर ३ तारखेला लिहिलंय, चौदाचे सात झाले. आपोआप झाले नाहीत. साहेबांनी फक्त विचारलं होतं, "इतके दिवस कोण थांबणार?" चौदा खोडून सात लिहिलं ते मी. आठ दिवस या वहीलासुद्धा सांगितलं नाही.

तो खाडाखोडीचा कागद पिशवीत घातलाय. काकांकडे निघाले आहे.