टाचण्या तोंडात असताना

ती. वन्संना,

तुमच्या धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकून हे आपलं कागदावर. कंबर धरलेली आहे, त्याचं कारण पुढे येईलच.)

तुमची दाढ कशी आहे? टोपी बसली का तिच्यावर? सूज उतरली असेल अशी आशा आहे. थंड काही पिऊ नका, त्या बाजूने चावू नका, आणि डॉक्टरीणबाईंनी गप्पांच्या ओघात आमच्या घरचं काही विचारलं तर नुसता मोठा 'आ' करा. जुनी भावजय दातांची डॉक्टर आणि नवी भावजय शिवणवाली, यात तुमची किती ओढाताण होत असेल ते मी जाणते. शिवाय दाढ तिच्या हातात आहे, हेही मी विसरलेले नाही. इकडे आम्ही बरे आहोत. तुमचे बंधू दिवसभर लोकांच्या लिफ्ट तपासतात आणि घरी आल्यावर काहीही तपासत नाहीत. ते खातं माझ्याकडे आहे.

तुमचं पत्र अकरा दिवसांनी आलं. (एरवी पाचव्या दिवशी येतं. मी फक्त नोंद करते आहे.) पहिलं पान सबंध हवेवर होतं, तेव्हाच माझे कान टवकारले. एवढं हवेबद्दल माणूस तेव्हाच लिहितं जेव्हा दुसऱ्या पानावर काहीतरी वाढून ठेवलेलं असतं. तसंच निघालं. डॉक्टरीणबाई आमच्या पोरीच्या शाळेच्या स्कर्टची तुरपाई दर आठवड्याला मुद्दाम उसवतात, असं मी तुम्हाला विश्वासाने लिहिलं होतं. ते तुम्ही जसंच्या तसं त्यांच्या कानावर घातलंत, त्या रडल्या, आणि आता म्हणतात की पुढच्या महिन्यात कोर्टातल्या समुपदेशक बाईंपुढे त्या हा विषय काढणार, पोरीला समोर बसवून. पोरगी चौदाची झाली. या वेळी तिलाच विचारणार आहेत की कुठल्या घरी राहायचं. अशा वेळी हा स्कर्ट तिथे टेबलावर यावा यासारखं वाईट काही नाही, आणि तो तिथवर कसा पोचला याचा मी विचार करते तेव्हा मला तुमचा, माझा आणि तुमच्या दाढेचा, तिघींचाही राग येतो.

पण माझी बाजूही ऐका. गुरुवारी संध्याकाळी पोरगी इकडे येते आणि रविवारी संध्याकाळी तिकडे जाते, ते तुम्हाला ठाऊकच आहे. माझा धंदाही ठाऊक आहे. मी नवे कपडे शिवत नाही; दुसऱ्याने शिवलेले, आखडलेले, सैल पडलेले कपडे अंगाला बसवून देते. (लग्नही तसंच केलंस, असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. मी तेव्हा हसले होते. विसरलेले नाही.) पुढच्या खोलीत मशीन, आरसा, कपडे बदलायला पडदा आणि गिऱ्हाइकाला उभं करायचं लाकडी स्टूल. वीस वर्षं यात काढल्यावर कपडा माझ्यापाशी काही लपवू शकत नाही. कोपर बघून मी सांगते की माणूस कचेरीत काम करतो की टेबलावर डोकं ठेवून झोपतो. तर महिन्यापूर्वीच्या एका गुरुवारी पोरगी आली, पडद्याआड कपडे बदलायला गेली आणि स्कर्ट तसाच घालून बाहेर येऊन म्हणाली, ऐका ना, उसवलंय. ('ऐका ना' हे माझं नाव. दोन वर्षं झाली, तिने मला मावशी, काकू, अगं, अहो, काहीही म्हटलेलं नाही. सकाळी ऐका ना, संध्याकाळी ऐका ना. मीही आता त्याला ओ देते.)

डाव्या अंगाला, पुढून, वीतभर तुरपाई सुटलेली. सायकलच्या साखळीत अडकला असेल म्हणून मी तिला स्टुलावर उभं केलं, खाली गुडघ्यांवर बसले, तोंडात टाचण्या धरल्या (आमच्या धंद्यात तिसऱ्या हाताचं काम तोंड करतं) आणि काठ लावून दिला. ती वर काहीबाही बोलत होती, मैत्रिणीने अबोला धरलाय, गणिताचे सर फळ्याकडे बघूनच शिकवतात वगैरे. माझं लक्ष काठाकडे. पुढच्या गुरुवारी पुन्हा तीच जागा, तीच वीत. मी दोरा दुहेरी घातला, टाके मुंगीच्या पावलाएवढे घेतले. तिसऱ्या गुरुवारी पुन्हा! आता वन्सं, तुटलेल्या दोऱ्याला टोकाशी केस फुटतात. हा दोरा कापलेला होता, तोही अगदी बारीक, धारदार हत्याराने. मी मनाशी विचार केला, की आपल्या माहितीत बारीक, धारदार हत्यारांचा ट्रे भरून कोण बसतं? झालं. तिथून पुढे मला दुसरं काही सुचेना. तिन्ही आठवड्यांचे दोऱ्याचे तुकडे मी तीन पाकिटांत तारखा घालून ठेवले. तुमचे बंधू म्हणाले, उसवलं असेल. मी म्हटलं, असेल नव्हे, उसवलंय, आणि का उसवलंय ते बघा: आमच्या घरी पोरीच्या कपड्यांची आबाळ होते हे दाखवायला! त्यावर ते पेपर वाचू लागले.

त्यातून पोरगी हल्ली चांगली वागायला लागली होती. आपलं ताट आपण उचलायची. एकदा तर मला न विचारता चहा आणून दिला. (मी तो आधी तुमच्या बंधूंना प्यायला दिला. त्यांना काही झालं नाही.) कुठेतरी पाणी मुरतंय, याबद्दल माझी खात्रीच झाली. जेवताना मी सरळ विचारायची, तिकडे काय चाललंय, आई काय म्हणते, स्कर्ट तिकडे कुठे ठेवतेस, खोलीला कडी आहे का. प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच, 'हं'. पोटात एक नि ओठात एक असं वागायला कोणी शिकवलं असेल हे उघड होतं, म्हणून मी तुम्हाला ते पत्र लिहिलं. लिहिल्यावर चौथ्या वेळी सापळा लावला. माझ्याजवळ बाटलीच्या बुडाच्या रंगाचा हिरवा दोरा आहे, कारखाना बंद पडून वर्षं झाली, तसा आता कोणाकडेच मिळायचा नाही. त्याने मशीनवर दोनदा टीप मारली. करड्या स्कर्टला आतून हिरवी टीप. म्हटलं, आता उसवा! या रंगाचा तुकडा जिथे सापडेल, तिथेच उसवणारा हात सापडेल.

परवाच्या गुरुवारी पोरगी दारातून आत आली तशी मी आधी काठाकडे पाहिलं. अखंड! मनात म्हटलं, हरल्या डॉक्टरीणबाई. पोरगी पडद्याआड गेली. मी एका कोटाच्या बाहीशी झटत होते आणि मशीनशेजारची छोटी कात्री काही सापडेना. शोधायला खाली वाकले (कंबर तेव्हाच धरली) आणि वाकल्या वाकल्या पडद्याखाली नजर गेली. दोन पावलं दिसली. पावलांच्या मध्ये, फरशीवर, एकेक करून हिरव्या दोऱ्याचे तुकडे पडत होते.

वन्सं, मी सगळ्या जगावर संशय घेतला, फक्त माझ्या पडद्यावर घेतला नाही. पहिला विचार आला तो खोटा कशाला सांगू: आईने पढवून पाठवलंय, माझ्याच घरात, माझ्याच कात्रीने! उभी राहायला जरा वेळ लागला, तेवढ्यात तोंडाशी पंधरा प्रश्न तयार झाले. पोरगी बाहेर आली. ऐका ना, पुन्हा उसवलंय. आणि मी तोंड उघडायच्या आत आपण होऊन स्टुलावर चढली आणि टाचण्यांची डबी माझ्यापुढे धरली. वीस वर्षांची सवय, डबी दिसली की माझा हात जातो. सात टाचण्या तोंडात गेल्या, मी गुडघ्यांवर बसले, आणि पंधराच्या पंधरा प्रश्न आत अडकले.

मग ती बोलायला लागली. त्या मैत्रिणीशी पुन्हा बोलणं सुरू झालंय. गणितात बरे गुण मिळालेत. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की महिनाभर मला या पोरीबद्दल जे काही कळलं ते सगळं या स्टुलावरूनच कळलं, आणि जेवणाच्या टेबलावर मला 'हं'शिवाय काही मिळालेलं नाही. मी काठ हातात धरून तशीच बसून राहिले. तिने वरून ते पाहिलं. मग म्हणाली, "आईला सवय आहे, समोरच्याचं तोंड उघडं असतं आणि बोलते तीच. तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तराआधी दुसरा विचारता. टाचण्या असल्या की बरं असतं." पुढे म्हणाली, कोर्टातल्या त्या बाई विचारतील की आईकडे राहायचं की बाबांकडे. तुमच्याबद्दल विचारणारच नाहीत, तुम्ही त्यांच्या कागदावर नाही. मी आईकडे असं सांगितलं, तर मग तुमच्याकडे यायला मला कारणच उरत नाही.

मी टाचण्या काढल्या नाहीत. काढल्या असत्या तर बोलले असते, आणि माझं बोलणं म्हणजे काय ते तुम्ही जाणताच. डोळ्यांना धार लागली तेव्हा ओठाकडे बोट दाखवून टाचणी बोचल्याची खूण केली. तिला ते खरं वाटलं नाही. (तेवढी संशयी ती आता झालेली आहे. दोन वर्षांत माझ्याकडून काहीतरी घेतलंच म्हणायचं.) ती कुठल्या घरी राहते याचं मला काही नाही, असं मी आजवर तुम्हाला चारदा लिहिलंय. चारही वेळा खोटं लिहिलं. रविवारी संध्याकाळी ती गेली की मला मशीनवर बसवत नाही.

असो. तुमच्या गावाला हवा कशी आहे? इकडे दुपारनंतर वारा सुटतो. दाढेला जपा, पायांत मोजे घालत जा, थोरांना माझा नमस्कार सांगा आणि धाकट्यांना माझ्यापासून सावध करा.

तुमची,
धाकटी (आणि दुसरी) भावजय

ता. क. : दाढेच्या पुढच्या खेपेला जाल तेव्हा डॉक्टरीणबाईंना एवढं सांगा, की कोणी काही उसवलं नव्हतं, माझाच टाका कच्चा होता, आणि आपली चूक झाकायला मी त्यांचं नाव घेतलं. त्याबद्दल मी माफी मागते असंही सांगा. वीस वर्षांत माझ्या टाक्याला कोणी कच्चा म्हटलेलं नाही, पण तुम्ही म्हणा. नाहीतर त्या समुपदेशक बाईंसमोर पोरीला विचारतील कोणी उसवलं, आणि तिला का उसवलं तेही सांगावं लागेल. ती पाकिटं मी चुलीत घातली. हे पत्रही वाचून फाडा. (फाडलेले तुकडे मोजून कळवलेत तर बरं होईल.)

ता. क. २ : हे सगळं खुर्चीत बसायच्या आधी सांगा. एकदा आरसा आणि चिमटा आत गेला की तुमचं काही कोणी ऐकणार नाही.

ता. क. ३ : जुन्या स्कर्टचा काठ आता उसवून उसवून विरलाय, म्हणून वीस वर्षांत पहिल्यांदा नवा कपडा शिवला. खाली चार बोटं दुमड ठेवलीय, तीन-चार वर्षं वाढायला पुरेल. डाव्या अंगाला पुढून वीतभर मात्र नुसता सैल धावदोरा घातलाय, कात्री न लागता बोटाने निघेल असा. तेव्हा माझा टाका कच्चा आहे हे तुम्ही बिनदिक्कत सांगा, तुम्हाला खोटं बोलावं लागणार नाही.