दोन पावलं मागं

देगलूरजवळून,
मंगळवार दुपार

प्रिय जेबा,

फोन सोडून हे पत्र कशाला, असं तू म्हणशील. आमच्या घरात माझा फोन वाजला की अण्णा तो स्पीकरवर टाकतात. बोल की डॉक्टर, सगळ्यांला ऐकू दे, म्हणतात. मग ओसरीवरची चार माणसं तंबाखू मळत माझं बोलणं ऐकत बसतात. मेसेज लिहावा, तर तुला दोन ओळींच्या पुढं वाचायची सवय नाही, तिसऱ्या ओळीला तू हसणारं तोंड पाठवून मोकळी होतेस. म्हणून प्रॅक्टिकलच्या वहीची मागची पानं फाडून लिहिते आहे. नोट्स काढायच्यात असं मायला सांगितलं. तिनं दार लोटून घेतलं आणि बाहेर पोरांना दरडावलं, डॉक्टरीण अभ्यास करून राहिली, गप बसा. बघ आता. खरं लिहायला बसायचं तरी आधी एक खोटं बोलून दार लावून घ्यावं लागतं.

ज्या खोलीत बसले आहे ती ओसरीलगतची. पूर्वी इथं सोयाबीनची पोती असायची. दिवाळीनंतर अण्णांनी ती रिकामी केली, आतून पिस्ता रंग मारला आणि बाहेर दाराच्या वर दोन खिळे ठोकून ठेवले. पाटीसाठी. पाटी अजून नाही, खिळे आहेत. आत जाताना-येताना माझी मान आपोआप वर होते. तुला यातलं अर्धं माहीत आहे, कारण अर्धं मी तुला हसत-हसत सांगितलं होतं. नीटचा दुसरा निकाल लागला तेव्हा तू औशाला मामाकडं होतीस. मी अण्णांना फोनवर सांगितलं, नांदेडला नंबर लागला. ते म्हणाले, मेडिकलच ना? मी म्हटलं, हाव, त्याच लाईनला. बी. एस्सी. प्राणिशास्त्र त्याच लाईनला असतं की नसतं, तूच सांग. अण्णा सातवी शिकलेले. त्यांनी देगलूरच्या अडत्यापासून बसस्टँडवरच्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांना पेढे वाटले. मी म्हटलं, आठ दिवस जाऊ दे, त्यांचा आनंद जरा ओसरला की नीट समजावून सांगू. तो आनंद काही ओसरला नाही, आणि मी आता तिसऱ्या वर्षाला आहे.

कॉलेजनं यंदा ते ऑन जॉब ट्रेनिंग काढलं, एकशेवीस तासांचं, जागा ज्याची त्यानं शोधायची. वर्गातल्या पोरींनी मामाच्या, काकाच्या मेडिकलवरून शिक्का मारून आणला आणि त्या मोकळ्या झाल्या. मलाच किडा चावला. म्हटलं, दोन वर्षं ज्याच्यासाठी उशा भिजवल्या ते काम असतं तरी कसं, हे एकदा डॉक्टरच्या शेजारी उभं राहून बघायचं. प्राचार्यांचं पत्र फोल्डरमध्ये घालून नांदेडचे अकरा दवाखाने फिरले. औषध कंपन्यांच्या माणसांच्या ओळीत बसवायचे मला, एका कंपाउंडरनं तर कंपनी कुठली म्हणून विचारलं. दुसरीकडं पहिला प्रश्न, कुणाची तू? म्हणजे कुठल्या डॉक्टरची कोण. कुणाचीच नाही म्हटल्यावर फोल्डर न उघडताच परत. एक म्हातारे डॉक्टर तेवढे माणसासारखे बोलले, बाई, आमचीच पोरं उभी करायला जागा नाही, तुला कुठं उभी करू. त्या दिवशी विष्णुपुरीच्या रिक्षात बसून तुला फोन केला आणि नुसती रडले. लॅबचा डीएमएलटी कोर्स करून तू लातूरला डॉक्टर मॅडमच्या दवाखान्यात रक्त काढायला लागून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पण तू म्हणालीस, रो मत, मैं बोलती मॅडम से. दोन दिवसांत काम झालं. तू माझ्यासाठी शब्द टाकलास, म्हणूनच पुढचं तुला सांगायची आजवर छाती झाली नाही.

दिवाळीच्या सुट्टीतले ते पंधरा दिवस, जेबा, माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. तुमच्या घरी राहायचं, अम्मीच्या हातची खिचडी-खट्टा खायचा आणि साडेनऊला तुझ्यामागं दवाखान्यात. मॅडमनी पहिल्याच दिवशी ठणकावलं होतं. माझ्या दोन पावलं मागं उभं राहायचं, कशाला हात लावायचा नाही, पेशंटशी बोलायचं नाही, जे विचारायचं ते दुपारी डबा खाताना. आणि प्रत्येक बाईला त्या आधी विचारायच्या, ही पोरगी शिकायला आली आहे, थांबली तर चालेल का? एका आजीनं नको म्हटलं तर मला बाहेर बाकड्यावर बसवलं. मला त्याचा राग नाही आला, उलट बरं वाटलं. छातीतली गाठ दाखवायला आलेल्या बायकांना मॅडम दोन्ही हात वर करायला सांगत. मग नुसतं बघत. मी डब्याच्या वेळी विचारलं तर म्हणाल्या, हात वर केले की कातडी कुठं आत ओढली जाते ते बघायचं, आणि तशी दिसली की एक दिवस घालवायचा नाही. आणखी एक म्हणाल्या. बोटांना नुसती शंका येते, उत्तर तपासणीच देते, म्हणून काही नाही हा शब्द मी तपासणीआधी तोंडातून काढत नाही. मी ते वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारून.

आता एप्रनचं. तुझ्या जहांगीरचाचांनी तो दवाखान्यात घालायला म्हणून कौतुकानं शिवला होता, हे मी कधी विसरणार नाही. पण अर्ध्या लातूरच्या डॉक्टरांचे एप्रन शिवणारा माणूस तो. खिशावर नाव काढायचं म्हटलं की मशीनवर आधी 'डॉ.' निघतं आणि मग नाव. त्यांनी निळ्या दोऱ्यानं माझंही तसंच काढलं आणि घडी हातात देताना म्हणाले, बेटा, पहन के दिखाओ. मी घातला. अम्मीनं माझ्यावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली. त्यांना काय सांगू की चाचा, एक अक्षर जास्तीचं झालं? न्हाणीत जाऊन ब्लेडनं उसवणार होते, खरंच, ब्लेड हातात होतं. पण तिथं आरसा होता. मी बघत राहिले आणि ब्लेड परत ठेवलं. दवाखान्यात मी त्या एका अक्षरावर कॉलेजचं ओळखपत्र लावायची, हे तुझ्या कधी लक्षात आलं नसेल. आणि अण्णांचा फोन आला तो दिवस आठवतो? माझा फोन लागेना म्हणून त्यांनी तुझ्या नंबरवर केला आणि तू बिनधास्त सांगितलंस, डॉक्टरीणबाई राउंडला गेल्यात. संध्याकाळी गच्चीवर आपण त्यावर पोट धरून हसलो. मीही हसले. तुझा त्यात काही दोष नाही, तू मैत्रिणीला झाकलंस.

घरी आले तर मायनं एप्रन धुतला आणि अण्णांनी तो मागच्या दोरीवरून काढून रस्त्याकडच्या दोरीवर घातला, खिसा बाहेरच्या अंगाला करून. दोन दिवस काढूच दिला नाही. डिसेंबरात वाढदिवसाला चावडीसमोर माझा फ्लेक्स लागला, गावची लेक गावची डॉक्टर, खाली तीस पोरांचे गॉगल घातलेले फोटो. तेव्हापासून मी घरी आले की ओसरीवर रिपोर्टांच्या पिशव्या. माझी युक्ती एकच, देगलूरच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. गुडघा, देगलूर. खोकला, देगलूर. लोक काय म्हणतात माहीत आहे? लहानसहान आजार ती बघतच न्हाई, लई मोठी डॉक्टर हाय. मी नाही म्हणेन तेवढी मोठी होत चालले आहे. कोंडीत सापडलेलं माणूस ओरडतं तरी. मला ओरडायचीही सोय नाही, लगेच अण्णा विचारतील, काय झालं डॉक्टर?

पण हे सगळं निस्तरलं असतं गं. जे निस्तरत नाही ते आता लिहिते. आमच्या शेजारच्या नीलाकाकू तुला आठवतील, लातूरला आपण नीटच्या क्लासला असताना माझ्या हॉस्टेलवर शेंगदाण्याच्या पोळ्या घेऊन आल्या होत्या त्या. नीटच्या दोन्ही वेळेला माझ्यासाठी गुरुवार धरलेली बाई. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला बायका गेल्या तरी त्या मागं थांबल्या. मग मला याच खोलीत आणलं, दार लावलं आणि चोळीच्या आतून माझा हात गाठीवर ठेवला. जेबा, मी आजवर कुणाला हात लावला नव्हता. मी दोन पावलं मागं उभी राहणारी. मला एवढंच सुचलं, हात वर करा काकू. त्यांनी केले. आणि मॅडमच्या खोलीत बघितलं होतं तसंच, अगदी तस्संच, कातडी आत ओढली गेली. मला कळलं. दाराबाहेर अण्णा कुणाला तरी सांगत होते, आत पेशंट हाय, थांबा जरा. याला देगलूर पुरणार नव्हतं, आणि लातूरला जा म्हटलं असतं तर सगळे म्हणाले असते, तूच घेऊन चल. तू हाईस की, तुझा दवाखाना हाय की तिथं. एक धागा ओढला की सगळं उसवणार होतं. आणि मी म्हटलं, चरबीची गाठ असंल काकू, काही न्हाई, बघू उन्हाळ्यात.

'काही नाही' म्हटलं मी. वहीत खाली रेघ मारलेला शब्द. काकूंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, तिळगूळ हातावर ठेवला आणि हलक्या पावलांनी घरी गेल्या. त्याला आज दहा आठवडे झाले. नांदेडला रोज वाटायचं, फोन करू. रोज काहीतरी निमित्त काढलं, परीक्षा, सबमिशन, ताप. तुला तरी सांगायचं होतं, तर तुझं तोंड डोळ्यांपुढं यायचं. मी भित्री आहे हे तुला माहीतच आहे, पण एवढी आहे हे मलाही माहीत नव्हतं.

पाडव्याला घरी आले. परवा काकूंच्या गच्चीवर कुरडया घालायला गेले, तर त्या डाव्या हातानं सोऱ्या धरीनात. गाठ वाढली होती. मी तिथंच उन्हात बसून सगळं सांगितलं. मी डॉक्टर नाही, होणारही नाही, साधी बी. एस्सी. करते, त्या दिवशी मला कळलं होतं आणि मी खोटं बोलले. वाटलं, आता त्या मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या कुरडई उलटवत राहिल्या आणि म्हणाल्या, मला म्हाईत हाय गं. माझ्या भावाची पोरगी तुझ्याच कालिजात हाय, तिनं मागंच सांगितलं. मी म्हटलं, मग मला का दाखवलंत काकू? त्यांनी सोऱ्या बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, खऱ्या डॉक्टरकडं गेले असते तर त्यानं खरं सांगितलं असतं. एवढं म्हणून पदरानं कुरडयांवरची माशी हाकलली. मी डॉक्टर नाही हे अण्णांना आजवर कुणाला सांगू दिलं नाही त्यांनी. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले आणि वर त्यांनीच मला थोपटलं.

येत्या सोमवारी त्यांना लातूरला आणते आहे. त्यांचे मालक केरबाकाका येतील. आणि अण्णाही येतायत. त्यांना नको म्हणायला मला कारण सापडलं नाही. त्यांनी केरबाकाकांना सांगून ठेवलंय, काळजी करू नको, आपल्या पोरीचाच दवाखाना हाय. त्यांच्यासाठी हे जणू माझं सासर बघायला जाणं आहे. नवा शर्ट काढून ठेवलाय, मायला एप्रन इस्त्री करायला सांगितलाय. देगलूरहून सकाळची उदगीरमार्गे लातूरला येणारी गाडी आहे, अकराच्या आत पोचू. नीलाकाकूंच्या नावानं मॅडमचा नंबर लावून ठेव आणि सांग की दहा आठवडे गेलेत, माझ्यामुळं गेलेत, हेही सांग. ही एक गोष्ट. दुसरीसाठी मी खरं तर हे सगळं लिहिलं. गाडीत अण्णांना सांगायचा मी प्रयत्न करीन, चार तास असतात, पण मी मला ओळखते. नाही जमलं तर ते थेट तुझ्या काउंटरशी येऊन विचारतील, आमच्या डॉक्टरची खोली कंची? तू त्यांच्यामागं माझं तोंड बघशील आणि तुझ्या जिभेवर काहीतरी गोड तयार येईल. जेबा, तू मला कायम वाचवत आलीस, या एकदा वाचवू नकोस. त्यांना जे खरं आहे तेच सांग. की ही इथं पंधरा दिवस आली होती, मॅडमच्या दोन पावलं मागं उभी राहायची आणि बघायची. मी तिथंच उभी असेन, बाहेर पळून जाणार नाही.

तुझीच,
तनुजा
(नुसती तनुजा)