मोहगावचे सोमवार

१२ ऑगस्ट १९८६, मंगळवार

अरविंद मास्तर सकाळीच आला. हायस्कूलचा. म्हणे, "काकाजी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार. पोट्टे मव्हाची पिऊन दगडं मारतात. अकरावीच्या वर्गाले दारूवर चार शब्द सांगा."

म्हटलं, मीच काहून?

"तुमी अठरा वर्षं पेली अन् सोडली. असा दुसरा माणूस पांढुर्ण्यात जिता नाही."

तारीफ केली का इज्जत काढली, समजलं नाही. हो म्हटलं. रिटायर ड्रायव्हर, चौथी पास, घरी बसून का करतो? गाडी सुटली, फक्त रोजचं लिहाची सवय नाही सुटली.

१४ ऑगस्ट, गुरुवार

पहिला क्लास. मास्तरनं कागद लिहून देल्ला — "मद्यपान हा समाजाला लागलेला कलंक आहे." दोन ओळी वाचल्या, मागचा पोट्टा झोपला. मलेही जांभई आली. कागद खिशात टाकला अन् सांगतलं, एकदा पिऊन सौसरच्या स्टँडवरून गाडी सोडली. सात मैल गेलो. मागं पाहतो त गाडी रिकामी. सवाऱ्या अन् कंडक्टर स्टँडवरच.

झोपलेला उठला. "मंग दारू सोडली का, दादाजी?"

"नाही. कंडक्टरनं लाईन बदलून घेतली."

मास्तरचं तोंड एरंडेल पेल्यावानी.

१८ ऑगस्ट, सोमवार

श्रावण सोमवार. हिचा उपास. उपास हिचा, साबुदाणा मले.

एकोणसाठ साली हिनं मोहगावच्या महादेवाचे सोळा सोमवार धरले होते. तव्हा मी पांढुर्णा-मोहगाव-सौसर लाईनवर होतो. दर सोमवारी माझ्याच गाडीत, ड्रायव्हरमागची सीट, "ड्रायव्हर से बात न करें" त्या पाटीखाली. हातात बेलाची पिशवी. मोहगावले उतरे, वापसीत चढे. दुसऱ्या साली सुरेश झाला. त्याच्याआधीचे दोन दुनिया न पाहताच गेले होते.

ते दोन कायनं गेले, मले मालूम हाये. हिले नाही. जाऊ द्या.

२१ ऑगस्ट, गुरुवार

गुणवंता. शेजारच्या वत्सलेचा पोरगा. दोनदा नापास, एकोणीस वर्षाचा, त्याच वर्गात. शाळा सुटल्यावर मागं मागं आला.

"दादाजी, रविवारी भाजीच्या ट्रकवर नागपूरले चाललो. ट्रकवरचा दिलीप म्हणते, माल उतरवला का बायांच्या त्या गल्लीत जाऊ. पव्वा लावला का भेव नाही वाटत, म्हणते."

"तुले वाटते?"

"हो."

"मंग?"

"सगळे जाऊन राहिले."

मास्तरले सांगतलं, आता दारूवर भागत नाही, पुढचंही सांगा लागते. त्याचे कान लाल. "काकाजी, ते अभ्यासक्रमात नाही."

म्हटलं, गुणवंता त दोन वर्षांपासून अभ्यासक्रमातच बसून हाये, काय फरक पडला?

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सांगू का नाही? सांगतलं त सांजेपर्यंत नळावर. नळावरून घरात.

२३ ऑगस्ट, शनिवार

सांगतलं. मास्तरले खडू आणाले पाठवलं. तो समजला, वापसच नाही आला.

सांगतलं — छप्पन साल. संत्र्याचा ट्रक. नागपूर. पव्वा अन् तीच गल्ली. दारूनं भेव गेलं, त्याच्यासंगं अक्कलही गेली. तीन हप्त्यानं फोड आला. दुखे नाही, म्हणून पाहलं नाही. आपोआप गेला. वाटलं, सुटलो. गरमी म्हणतात त्याले. फोड जाते, रोग नाही जात. तो रोग घरी आणला, बायकोले देल्ला. दोन लेकरं मेलेले झाले. मंग मी तोंड लपवून नागपुरात सुया टोचून घेतल्या.

वर्गात कोणी हसलं नाही. मलेच बरं नाही वाटलं, म्हणून म्हटलं — सरकारी दवाखान्यात निरोध फुकट भेटते, तुमी त्याचे फुगे करता गधेहो. अन् फोड दिसला त बाबा-बुवाकडं नाही, डाक्टरकडं जा. बायकोलेही न्या. एकट्यानं सुई घेऊन काही होत नाही, दोघायले लागते.

गुणवंता उभा झाला. "मंग दादाजी, आजीले सुया कव्हा देल्ल्या?"

दोनदा नापास हाये हा!

म्हटलं, देल्ल्याच नाही. सांगाची हिंमत नव्हती.

"मंग सुरेशभाऊ कसा वाचला?"

घंटी वाजली. पोट्ट्यायच्या आधी मीच वर्गाबाहेर निघालो.

२५ ऑगस्ट, सोमवार

गुणवंता नागपूरले गेला, माल उतरवला, ट्रकमध्येच बसून राहिला. दिलीप त्याले "महाराज" म्हणून राहिला. म्हणू दे.

दुपारी वत्सला आमच्या सैपाकखोलीत. कुजबुज. मी पाणी प्याले गेलो त दोघी चूप. ती गेल्यावर हिनं साबुदाणा पुढं ठेवला. मीठ बरोबर होतं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

त्या गोष्टीवर अजून एक शब्द नाही. भाकर देते, चहा देते, सुरेशले बोरगावले चिठ्ठी लिहा म्हणते. घाटात ब्रेक गेला होता तव्हा असं भेव नव्हतं वाटलं.

३० ऑगस्ट, शनिवार

मास्तर भेटला. म्हणे, दोन पोट्टे आपल्या मनानं सरकारी दवाखान्यात गेले. नावं नाही सांगतली. चांगलं केलं.

हिच्यासमोर बसलो सांजेले. तोंड उघडलं. "पाऊस येईन वाटते" म्हटलं अन् उठलो.

१ सप्टेंबर, सोमवार

सकाळी बेल निवडून राहिली होती. मान वर न करता म्हणे, "दुसरं लेकरू गेलं तव्हाच मोहगावच्या नर्सबाईनं सांगतलं होतं मले. दर सोमवारी सुई होती. दहा सोमवार सुयांचे. उरलेले सहा महादेवाचे."

सत्तावीस वर्षं. म्हटलं, मले सांगतलं काहून नाही?

बेलाचं फाटकं पान बाजूले टाकलं. "गाडीत पाटी होती ना. ड्रायव्हरसंगं बोलाचं नाही."