मुख्य संस्था कोण?

८ सप्टेंबर, सोमवार

निवड झाली! सकाळी आरजूने स्वतः फोन करून सांगितलं. पत्र दोन दिवसांत येईल, पण 'पक्कं समजा सर' म्हणाली. निधी देणाऱ्यांची ही नागपूरची अधिकारी वयाने माझ्या मुलीएवढी आहे, आवाज मात्र परीक्षेच्या खोलीत फिरणाऱ्या बाईंचा.

निवृत्तीनंतर बरेच अर्ज लिहून दिले. पण डेस्कवर बसून दुसऱ्यांच्या बातम्या सरळ करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला असा अर्ज क्वचित मिळतो — ज्यातलं एकही वाक्य फुगवावं लागलं नाही. बायांच्या दोन संस्था, पुसदची 'हमदम' आणि बोरी अरबचा 'पाणवठा'. कापूस वेचणीच्या दिवसांत गावोगाव पाळणाघरं. जोहराबीची हमदम बायांना लेकरं सांभाळायचं शिक्षण देणार, रुखमाबाईंचा पाणवठा ती घरं चालवणार. एकीला गावं नाहीत, दुसरीला शिकवणारं कोणी नाही. मिळून पुरे होतात.

अट एकच. दोघींपैकी एक 'मुख्य संस्था' ठरवायची, दुसरी 'सहयोगी'. मुख्य संस्थेने निधी घ्यायचा, सहयोगीचं काम तपासायचं, कमी पडलं तर तिचा हप्ता रोखायचा. सहा ऑक्टोबरच्या आत सह्या.

एका फोनचं काम.

९ सप्टेंबर

एका फोनचं काम नव्हतं. जोहराबी म्हणाल्या, रुखमाचं नाव टाका. रुखमाबाई म्हणाल्या, जोहराचं टाका. दोघींनीही वर 'माझं ऐका' म्हटलं.

११ सप्टेंबर

पुसदला जाऊन आलो. जोहराबीने खुर्ची दिली, चहा दिला, आणि विषय निघताच गोधडीचे तुकडे बाजूला सारून उठल्याच.

"रुखमाचंच टाका भाई."

"त्या तुमचं म्हणतात."

"तिला काय कळतं!" (म्हणजे रुखमाबाईंना सगळं कळतं, फक्त एवढंच कळत नाही.)

मी करारातलं कलम वाचून दाखवलं. हप्ता रोखण्याचं. जोहराबी उभ्याच राहिल्या. "म्हणजे मी तिच्या दारात जाऊन म्हणू, दाखव तुझं काम? लॉकडाऊनमध्ये तिच्या घरची ज्वारी माझ्या दारात उतरली, तेव्हा मी ती मोजून घेतली का?"

मुलगी अस्मा संस्थेचा कॉम्प्युटर सांभाळते. ती म्हणाली, "अम्मी, हे फक्त कागदावर असतंय."

"कागदावर असतंय म्हणूनच!"

निघताना लिंबाच्या लोणच्याची बरणी माझ्या पिशवीत कोंबली. रुखमासाठी. तिखट कमी घातलंय म्हणून सांगा, तिच्या पोटाला सोसत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

बोरी अरब. लोणचं पोचलं. रुखमाबाईंनी झाकण उघडून बोट घातलं. "जोहराचा हात मिठाले जडच," म्हणाल्या, आणि दुसरी फोड काढली.

मग विषय. "मी काहून वर बसू, अतुलभाऊ? आमी पयल्यांदा भेटलो थ्या शिबिरात मी मांगं दरवाज्यापाशी बसून राह्यली होती. कोणी ओळखीचं नाई, काही नाई. तिनं हात धरून मले पुढं नेलं. अन् आता मी तिचा हप्ता रोखू? मले जमत नाई बाप्पा."

तेवढ्यात लालीबाई आल्या. जवळच्या बंजारा तांड्यावरच्या. तिकडच्या वेचणाऱ्या बायांनी मजुरांची सहकारी संस्था काढली आहे, रोपं लावण्याची सरकारी कामं घेतात. तिच्या या अध्यक्ष. आल्या त्या उंबऱ्यातच उभ्या. बसल्या नाहीत.

"दसऱ्यानं पयला वेचा लागते. पाळणाघर कवा लागते थे सांगा."

रुखमाबाई म्हणाल्या, होते, होते.

"मांगच्या साली बी तुमी होते, होते म्हणे."

गेल्या हंगामात लालीबाईंच्या नातीने धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पडलेलं फवारणीच्या औषधाचं झाकण तोंडात घातलं होतं. आई वीस ओळी पलीकडे वेचत होती. पोरगी यवतमाळच्या दवाखान्यात वाचली. आता चालते, पण घरच्यांनी तिला अजून शेतात नेलेलं नाही. आणि आई पुन्हा वेचायला जाणार, कारण जावंच लागतं. मग पोरीला ठेवायचं कुठे?

अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात मी हीच गोष्ट लिहिली होती, नाव न घालता. आज ती उंबऱ्यात उभी होती.

१५ सप्टेंबर

दीपा म्हणते, "दोन बायका मोठेपणा नको म्हणतायत आणि तू डोक्याला हात लावून बसलायस! डेस्कवर अशी बातमी आली असती तर पहिल्या पानावर घेतली असतीस."

बायको म्हणून नाही, उपसंपादक म्हणून हिला घ्यायला हवं होतं.

२० सप्टेंबर, शनिवार

दिग्रसला दोघींना बोलावलं. पुसदलाही बरं, बोरीलाही बरं. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात बसलो. मी म्हटलं, सहा-सहा महिने वाटून घ्या. आरजूला तिथूनच फोन लावला — चालत नाही. म्हटलं, चिठ्ठी टाकू. जोहराबी म्हणाल्या, "चिठ्ठी टाकून काय मोठं होतात? लॉटरी आहे का?"

मग रुखमाबाई पटकन बोलून गेल्या, "तू भेतं काय वो? तुह्यावाले लोक म्हणतीन, बोरीवाल्यांच्या मांगं कायले लागली?"

"आणि तुझे? तुझ्या समितीत कुणी म्हणालं नाही, 'आपण पुसदवाल्यांच्या हाताखाली?' खरं सांग."

रुखमाबाईंनी खरं सांगितलं नाही. म्हणजे सांगितलंच. जोहराबीकडेही कुणी ना कुणी बोललं असणार. भजी तशीच गार झाली.

पुसदची बस आधी लागली. एरवी एकीची बस सुटेपर्यंत दुसरी खिडकीशी उभी राहून बडबडते, कंडक्टर ओरडेपर्यंत. आज रुखमाबाई बाकावरून उठल्या नाहीत.

वाईट वाटलं. डेस्कवर असताना किती पाहिलं — एका ताटात जेवणाऱ्या दोन संस्था, निधी आला की एकमेकींच्या तक्रारी पाकिटात घालून आमच्याकडे. मी त्या छापल्याही. हा अर्ज लिहून मी या दोघींचं तेच करून ठेवलं का?

२२ सप्टेंबर

सकाळी जोहराबी : "रुखमा नीट पोचली होती ना परवा? मी विचारलं म्हणून सांगू नका."

दुपारी रुखमाबाई : "जोहराचं बीपी वाढलं तं नाई ना? माह्यं नाव घेऊ नका."

दोघींनाही सांगितलं, सगळं ठीक. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागल्यासारखं वाटतंय.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

"अतुलभाई, मिटलं!" जोहराबीचा आवाज. मागून, "मले दे, मले दे फोन!" — रुखमाबाई! पुसदला! एकत्र!

झालं ते असं. रुखमाबाई काल न राहवून बसमध्ये बसल्या आणि थेट पुसदला उतरल्या. दोघींनी रात्रीपर्यंत विचार केला. आज दोन्ही समित्यांना फोनवरून धरून ठराव केला — हमदम आणि पाणवठा आजपासून एकच संस्था!

"आता सांगा भाऊ, कोन वर अन् कोन खाली?" रुखमाबाई. हसू आवरत नव्हतं त्यांना.

पेढे वाटून झाले होते. आणि अस्माने ठराव आरजूला पाठवूनही दिला होता, पेढ्यांच्या फोटोसकट.

"मला आधी विचारायचं तरी."

"तुमाले सरप्राइज!"

मी खुर्चीत बसलो. योजना आहे भागीदारीची. भागीदारीला कमीत कमी दोन लागतात.

सांगवलं नाही. किती दिवसांनी दोघी एका फोनवर होत्या. उद्या सांगू.

२७ सप्टेंबर

मी सांगण्याआधी आरजूचाच फोन. "सर, मी हसू का रडू? एकटीने कुणाशी भागीदारी करायची? इकडे अर्ज बाद दाखवतोय."

मी समजावलं. संस्था एक करायला धर्मादाय कार्यालयात वर्षं जातात, हा नुसता ठराव आहे, प्रेमाचा आहे. "प्रेमाला रकाना नाही सर," म्हणाली. पण आवाज मवाळ झाला होता. मग म्हणाली, ठराव मागे घेतल्याचं पत्र आणि मुख्य संस्थेचं नाव, दोन्ही सहा तारखेच्या आत आलं तर ती अर्ज पुन्हा उघडून घेईल. वरच्यांशी बोलली आहे.

चांगली मुलगी आहे. परीक्षेच्या खोलीतल्या बाई असल्या तरी.

२९ सप्टेंबर, सोमवार

बोरीला रुखमाबाईंच्या अंगणात सांगितलं. जोहराबी पहिल्या बसने आल्या होत्या.

रुखमाबाईंनी पदर तोंडाला लावला, मला वाटलं रडतायत. हसत होत्या! "पेढे बी खाऊन टाकले वो जोहरा!" जोहराबी हसल्या, हसता हसता डोळे पुसायला लागल्या, आणि मग खरंच रडल्या. "आम्ही अडाणी आहोत का भाई? चांगलं करायला गेलो तर बाद?"

अडाणी नाहीत हो. नियम करणाऱ्यांनी अशी माणसं गृहीत धरली नव्हती, एवढंच.

ठराव मागे घेतल्याच्या पत्रावर सह्या झाल्या. आणि पुन्हा तेच. मुख्य कोण? 'रुखमाचं.' 'जोहराचं.' मी हात टेकले.

लालीबाई कधी आल्या ते कळलं नाही. कंबरेवर नात. सगळं ऐकून घेतलं आणि भडकल्या. "तिकडं कापूस फुटून राह्यला! चार दिवसांत वेचा लागते. मी हे लेकरू कोठी ठेवू? तुमच्या ठरावात ठेवू?"

नात तिच्या याडीच्या, म्हणजे आईच्या, नावाने भोकाड पसरून रडू लागली. जोहराबीने हात पुढे केला तर त्यांच्याकडे गेली, आणि बांगड्या ओढत गप्प झाली.

पोरीला मांडीवर घेऊन जोहराबी म्हणाल्या, "हिच्या आजीलाच करा ना मुख्य." वैतागाने म्हणाल्या. थट्टेनेच.

रुखमाबाई हसल्या नाहीत. लालीबाईंकडे बघत राहिल्या. "जोहरा," म्हणाल्या, "तू आत्ता बोलली थे पुन्हा बोल."

लालीबाई : "माही मस्करी करून राह्यल्या काय?"

"नाई वो. तुमची संस्था नोंदलेली हाय, हिशेब तपासलेला हाय. आमी दोघी तुमच्या हाताखाली. आमचं काम तुमी तपासा. लेकरं तुमचे हायेत, आमचा हप्ता बी तुमीच रोखा!"

"रोखीन बरं," लालीबाई म्हणाल्या. "मी सोडत नाई."

"सोडूच नको," जोहराबी म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसला.

एकमेकींच्या डोक्यावर बसायला या दोघी तयार नव्हत्या. शेजारी शेजारी खाली बसायला एका मिनिटात तयार झाल्या.

३० सप्टेंबर

आरजूने वरच्यांना विचारून कळवलं : तिसरी संस्था घेता येते, सहकारी असली तरी चालते, मुख्य म्हणूनही चालते. कागद सहा तारखेच्या आत. आणि म्हणाली, "सर, आमच्याकडे ज्यांच्यासाठी काम आहे तेच मुख्य, असा अर्ज मी अजून पाहिला नाही."

समित्यांतली कुजबुज? रुखमाबाई म्हणतात, थांबली. लेकरं तांड्याचीच, मग पुसदच्या हाताखाली जायचं नाही म्हणणारे तांड्याच्या हाताखाली कसे जायचं नाही म्हणतील? लालीबाई समोर बसलेल्या असताना तर नाहीच.

२ ऑक्टोबर, दसरा

रुखमाबाई दरवर्षीसारख्या दीक्षाभूमीवर, नागपूरला. तिथल्या गर्दीतून फोन : "लिहून झालं काय?" अस्मा तांड्यावर जाऊन लालीबाईंच्या संस्थेचे कागद घेऊन आली, जेवूनही आली.

मी दिवसभर लिहीत बसलो. पूर्ण अर्ज उलटा करावा लागला. 'लाभार्थी महिलांना सेवा पुरवण्यात येईल' ही सगळी वाक्यं पडली. कर्ता बदलला की वाक्य किती सरळ होतं! दीपाने सोनं दिलं, ते कीबोर्डवर ठेवून गेली.

४ ऑक्टोबर

संपलं. मुदतीच्या दोन दिवस आधी. जुनी सवय. उद्या लालीबाईंची सही, परवा सकाळी पाठवायचं.

५ ऑक्टोबर, रविवार

लालीबाईंनी सही केली नाही. आधी सगळ्या वेचणाऱ्या बायांना शेतात वाचून दाखवा, त्या हो म्हणाल्या तर सही. बाया मंगळवारी एकत्र सापडतात. मुदत उद्याची आहे म्हटलं तर म्हणाल्या, "मंग त्या पोरीले सांगा ना, एक दिवस थांब म्हनून. आता मुख्य आमी हाओत का थे पोरगी?" आरजूला फोन लावला. म्हणाली, एका दिवसाचं मी बघते. मग विचारलं, नागपूरहून तांड्यावर यायला पहिली बस कोणती. मंगळवारी धुऱ्यावर बायांमध्ये तीही बसणार आहे. वाचायचं मी, आणि कुठे काय खोडायचं ते लालीबाई सांगतील.