पान अकरावर हरवलेल्या मेंढीबाबत

दिनांक : ९ जून २०२५

प्रति,
मा. गृहवाचन उपक्रम अधिकारी,
शिक्षण कार्यालय, सात रस्ता, सोलापूर.

विषय : पुस्तकातील मेंढी सापडल्याचे शिक्क्यासह पत्र मिळणेबाबत.

संदर्भ : आपले 'सुट्टीत घरोघरी वाचन' हे परिपत्रक, तसेच सदर पुस्तक, पान ११ (चित्रासह).

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, माझी मुलगी कु. सृष्टी, इयत्ता चौथी, हिला शाळेतून चोवीस पानांचे गोष्टीचे पुस्तक मिळाले आहे. ते सर्व कुटुंबाने मिळून वाचावे आणि शेवटच्या पानावर सह्या-अंगठे करून १६ जूनला जमा करावे, असा आदेश आहे. आमचे घर मेंढरांमागे फिरणारे. माझी आई तानाबाई, वय बहात्तर, हिने आयुष्यात पुस्तक हातात धरले नव्हते. परंतु गोष्ट मेंढपाळाची आहे म्हटल्यावर ती घोंगडी टाकून सर्वांच्या पुढे बसली.

पान अकरावर मेंढपाळ झाडाखाली झोपतो आणि काळ्या तोंडाची मेंढी हरवते. वाचन तिथेच थांबले. आईने विचारले, कुत्रं कुटं होतं? पुस्तकात कुत्र्याचा उल्लेख नाही, गावाचे नाव नाही. आईने पुस्तक मिटून मांडीखाली घेतले व सांगितले, "आदी मेंढरू हुडका, मग पान उलटा." ही गोष्ट रचलेली आहे असे मी परोपरीने समजावले. त्यावर ती म्हणाली, रचायचीच होती तर हरवली कशाला? याचे उत्तर आपणाकडे असल्यास कळवावे.

आईपुढे घरात कुणाचे चालत नाही. सबब मी मोडनिंबच्या बाजारात चौकशी केली. कुठून हरवली, असे व्यापारी विचारत आणि पान अकरावरून असे सांगताना मला लई लाज वाटली. तरी चित्र दाखवत फिरलो. चौथ्या दिवशी अजिनाथ नावाचे गृहस्थ मेंढी घेऊन दारात हजर झाले. त्यांना ती रस्त्याकडेला एकटीच सापडली होती. काळे तोंड, डाव्या कानावर पांढरा ठिपका. आईने ती चित्राशेजारी उभी करून पाहिली आणि हीच म्हणाली. अद्याप कोणीही मालक पुढे आलेला नाही.

इथवर ठीक होते. आता आई म्हणते, उलटा पान, सापडल्याचं वाचून दाखवा. परंतु सृष्टीने चोरून पुढचे वाचले आहे. पुस्तकात मेंढी सापडतच नाही. पान बारावर मेंढपाळ जत्रेला जातो, पुढे त्याचे लग्न होते आणि मेंढीची कुणी आठवणही काढत नाही. सापडली असे तोंडानेच वाच, असे मी मुलीला सुचवले. ती रडून म्हणाली, "छापलं न्हाय ते आज्जीला कसं वाचू?" मला तिचा अभिमान वाटला आणि रागही आला.

साहेब, मेंढी सापडत नाही हे आईला कळले तर ती पुन्हा पुस्तकासमोर बसणार नाही. रोज संध्याकाळी आम्ही पाच माणसे एका घोंगडीवर बसत होतो. असे आमच्या घरी आजवर कधी झाले नव्हते, ते मोडू नये एवढीच माझी धडपड आहे.

आपल्या लिपिकांनी, मेंढी सापडवणे कार्यालयाच्या अधिकारात नाही, असे सांगितले. हरवलेली मेंढी घरोघरी वाटण्याचा अधिकार असेल, तर सापडलेली कळवण्याचाही असलाच पाहिजे. तरी 'पान ११ वरील मेंढी सापडली' असे पत्र गोल शिक्क्यासह १४ जूनपूर्वी द्यावे. ते पान बाराच्या आधी चिकटवू. पत्र छापील असावे, म्हणजे सृष्टीला वाचता येईल.

आपल्या शिक्क्याची वाट पाहणारा,
शहाजी बिरप्पा कोळेकर
कोळेकर वस्ती, ता. सांगोला, जि. सोलापूर

सोबत : १) पान ११ ची झेरॉक्स. २) मेंढीची लोकर, ओळखीसाठी. ३) तानाबाईंचा अंगठा.

ता. क. : अर्ज लिहून झाल्यावर सदर मेंढी आज दुपारी व्याली. कोकरू पुस्तकात कुठेच नाही. तरी पत्रात दोघांचीही नोंद घ्यावी. सृष्टीने त्याचे नाव 'पान बारा' ठेवले आहे.