तोफेचा दांडा आणि तांबडी खूण

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आणून ठेवलीच तोफ माझ्या ओसरीवर! पुढच्या रविवारी करडी गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. दंडारीचा नाच-नाटकाचा खेळ उभा राहण्याआधी तोफेचा बार काढायचा असतो. बारूद ठासायचे जुने दांडे उधळीने, म्हणजे वाळवीने खाल्ले. तोफ डागतो तो शेजारचा बाबूलाल. म्हणतो, "मामाजी, कुऱ्हाडीले दांडे बसवता, तसेच तोफेचे बनवा. त्यात काय आहे जी!"

त्यात काय आहे! हात जातो माणसाचा. आणि मी चौथी पास.

२५ ऑक्टोबर

सागाचा दांडा रंधून काढला. टोकाला बारूद ठासायचा लाकडी बोंडा बसवला. दुसऱ्या दांड्याला मेंढीचं कातडं — बार झाला की ओलं करून आत फिरवायचं. आत ठिणगी राहिली आणि वरून बारूद ओतली, तर? झोप नाही.

२७ ऑक्टोबर

तोफ बाहेरून दोरीने मोजली. मागचा भरीव भाग वजा केला. दांडा तळाला टेकला की तोफेच्या तोंडाशी जिथे यायला हवा, तिथे तांबडी खूण केली. आत घातला — खूण चार बोटं बाहेर! पुन्हा मोजलं. पुन्हा बाहेर.

माझी बायको रंभाबाई म्हणाली, "काल चस्मा डोस्क्यावर ठेवून घरभर ढुंढून राहिले होते. आता तोफ मोजतात!"

ती हसली. मला हसू आलं नाही. थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी मोजमाप चुकायचं, मग माणसांची नावं.

२८ ऑक्टोबर

दुसरा दांडा केला. खूण बाहेर. तिसरा. बाहेर!

बाबूलाल म्हणतो, "मामाजी, थंडीनं तोफ आकसली काय जी?" वर चहा पिऊन गेला.

मी गुपचूप नातवंडांची नावं म्हणून पाहिली. सगळी आली. जावयाचं नाव येईना — पण ते मला लग्नापासूनच येत नाही!

३० ऑक्टोबर

तळाशी जुनी चिंधी अडकली असेल. पितळी तारेचा पिळदार आकडा करून दांड्याला बसवला. लोखंड नको, ठिणगी पडते. उद्या ओढून पाहतो. चिंधी नसली, तर लाखनीला डॉक्टरकडे — डोकं दाखवायला. रंभाबाईला सांगितलं नाही.

३१ ऑक्टोबर

चिंधी निघाली! आणि तिच्यामागून काळी बारूद, ओंजळभर!

बाबूलाल डोकं खाजवत म्हणाला, "मांगच्या साली बत्ती देली होती जी, वाजलीच नाही. मंग तशीच ठेवून देली. भुललो!"

भुलला तो! माझं मोजमाप बरोबर! डोकं शाबूत! मी आनंदाने तोफेत दोन बादल्या पाणी ओतलं.

मग खाली बसलो. आठवडाभर मी त्या तोफेच्या तोंडाला डोळा लावून आत बघत होतो — ओठात पेटती बिडी धरून.