टिटवीची नळी

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा टिटवीचं रक्त तुझ्या प्रयोगशाळेत देऊन घरी परतलो. चार वर्षांची पोर, पण वाटेभर एकच पालुपद: आत्याने माझं रक्त नळीत भरून ठेवलंय, ते परत कधी देणार? हृदयाचं भोक बुजवायला अकरा तारीख मिळाली आहे. ऑपरेशनमध्ये फार रक्त जाईल या धास्तीने आमच्या हिच्या घशाखाली घास उतरत नाही. ताजं रक्त लागलं तर म्हणून डॉक्टरांनी चार माणसं दवाखान्यात हजर ठेवायला सांगितली आहेत. छापखान्यातले चौघे तयार आहेत, पण त्याच दिवशी मोठी छपाई आहे आणि मालक कुरकुरतो. तुझ्या तपासणीत काय निघतं ते कळव. आमची भिस्त तुझ्या शब्दावर.

तुझा भाऊ

७ जून

चि. भाऊस,
अ. उ. आ.

टिटवीचं रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मी स्वतः दोनदा पाहिलं. अगदी वेळेत गोठलं. गुठळीही घट्ट, बापासारखी हट्टी! तिच्या आईला म्हणावं, पोटभर जेव. चौघांना उगाच खोळंबून ठेवू नकोस, कामावर जाऊ देत. आणि टिटवीला सांग, नळी फ्रीजमध्ये जपून ठेवली आहे. बरी होऊन ये, मग भांडू.

असाच जीव लावत राहा.
ताई

२ जुलै

चि. भाऊस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. टिटवी टेबलावरच गेली, त्याला आज तीन आठवडे झाले.

माझी तपासणी चुकली नव्हती. पण ऑपरेशनच्या वेळी रक्त यंत्रातून फिरतं, पातळ होतं. त्यानंतर लहान मुलाचं रक्त कसं वागेल, हे आधीच्या नळीवरून खात्रीने सांगता येत नाही. अठरा वर्षं नव्या मुलींना मीच हे शिकवते. डॉक्टरांनी चार माणसं मागितली ती त्यासाठीच. तू विचारलंस आणि मी नुसती आत्या होऊन उत्तर दिलं. रक्तपेढीतलं ताजं रक्त संपलं, चौघे येईपर्यंत दीड तास गेला. सर्जन म्हणतात, ते हजर असते तरी वाचली असतीच असं नाही. मला ते पटवून घेता येत नाही.

नळ्या सात दिवसांनी टाकून द्यायचा नियम आहे. तिची अजून फ्रीजमध्ये आहे. माझ्याने टाकवत नाही.

ताई

१९ जुलै

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र आठ दिवस फोडलं नाही. राग आहे, खोटं कशाला लिहू? पण मालकाची कुरकुर मला आधीपासून टोचत होती. तू लिहिलंस आणि मी लगेच चौघांना मोकळं केलं, डॉक्टरांना विचारलंसुद्धा नाही. ते ओझं माझं मलाच उचलायचं आहे.

ही तुझा विषय काढू देत नाही. काल मात्र आपणहून विचारलं, नळीवर टिटवीचं नाव कोणाच्या अक्षरात आहे. तुझ्या, म्हटलं. मग म्हणाली, टाकायची तर ताईंनीच टाकावी, परक्या हातात देऊ नये.

तेव्हा आता टाक. माया आटलेली नाही, आज एवढंच लिहवतं. टाकण्याआधी जरा वेळ मुठीत धर. फार दिवस गारठ्यात आहे.

भाऊ